फोटोतल्या डोळ्याबद्दल

१४ सप्टेंबर
दुकान, सकाळी नऊ

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. दुकानाला नवीन पाटी लावली. रंगाऱ्याने ‘चष्मे’मधला च वाकडा काढला होता, तो मी दोनदा पुसायला लावला. तो म्हणाला, “काका, खालून कोणाला दिसत नाही.” म्हटलं, “ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच दुकान आहे. बाहेर पडताना तरी नीट दिसायला हवा.”

फोन केला असता. पण सात वर्षांत मी उचलला की तू एकच वाक्य बोलतेस, “आईला द्या.” म्हणून कागद घेतला.

बिट्टीचे तीन फोटो तू आईला पाठवलेस. आईने ते मला दाखवले, म्हणजे मीच तिच्या हातातून घेतले. चार वर्षांची झाली आणि हसते थेट तुझ्यासारखी, आधी नाक आक्रसून. तेवढंच बघून थांबायला हवं होतं. पण मी फोटो मोठा केला. उजेडाचा पांढरा ठिपका एका डोळ्यात बाहुलीच्या मधोमध आहे, दुसऱ्यात कानाच्या बाजूला सरकलेला. तिन्ही फोटोंत तसंच. मोबाइल कधीकधी फोटो उलटा करतो, म्हणून डावा की उजवा ते सांगत नाही. लहान मुलांचं नाक बसकं असतं, त्यानेही डोळा तिरका भासतो. पण नाकाने ठिपका सरकत नाही.

परवा दुकान बंद ठेवून मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. नंबर घेऊन चिल्ल्यापिल्ल्यांमध्ये दीड तास बसलो. त्यांनी विचारलं, “पेशंट कुठे आहे?”

“फोटोत.”

त्या हसल्या नाहीत. फोटो नीट बघितले आणि म्हणाल्या, “फोटोवरून निदान करत नाही. मुलीला आणा. लवकर.”

डोळा आळशी का होतो ते मी पुस्तकांतून वाचलं होतं. त्यांनी सोपं करून सांगितलं. डोळा फक्त निरोप पोचवतो, बघायला मेंदूला शिकावं लागतं आणि ते शिकणं लहानपणी होतं. एका डोळ्याचा निरोप पुसट किंवा तिरका येत राहिला की मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावून, चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून, ती सवय बहुतेक वेळा मोडता येते. पुढे जड जातं.

“आणि एकोणतिसाव्या वर्षी?” मी विचारलं.

“दार अगदी बंद होत नाही. काही मोठ्या माणसांना सरावाने थोडा फरक पडतो. महिने लागतात, खात्री नाही.”

“चोपन्नाव्या?”

“तुमचाही डोळा आळशी आहे का, काका?”

“नाही. सहज विचारलं.”

“मोठ्यांचा मेंदूही शिकतो. मुलं खेळताखेळता शिकतात, मोठ्यांना मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.”

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

तू सहा वर्षांची असताना शाळेतून चिठ्ठी आली होती, ‘डावा डोळा तपासून घ्यावा.’ मला राग आला. आठवी नापास माणूस काचा घासत घासत इथवर आला, अर्ध्या गावाचे नंबर काढतो आणि त्याच्या मुलीचा डोळा शाळा तपासणार? तुला स्टुलावर बसवलं, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. तू भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलास. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘तपासले. दोष नाही.’ खाली सही.

अकराव्या वर्षी कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुढे जहाजावरच्या नोकरीला तुला त्याच डोळ्यावरून नाकारलं. त्या दिवशी तू म्हणालीस, “बाबा, तुम्ही गावभर डोळे वाटलेत, माझाच तेवढा राहिला.” आणि मी म्हणालो, “तक्ता पाठ करून तूच मला फसवलंस.” तेव्हा आई म्हणाली होती, “चष्मेवाल्याच्या घरात आंधळी कोशिंबीर!” आणि तू बॅग भरलीस.

ठके, तू फसवलं नव्हतंस. दुकानात खेळून तक्ता तुला पाढ्यासारखा पाठ होता हे खरं. पण तिसऱ्या ओळीपासून मी काठी टेकवायच्या आधीच तू अक्षर सांगत होतीस. एकदा मी मुद्दाम काठी दुसऱ्या अक्षरावर ठेवली, तरी तू ओळीतलंच पुढचं सांगितलंस. मला ते दिसलं. मग मी काठी खाली ठेवली आणि सही केली. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. सहा वर्षांच्या पोरीवर ढकललेली ती गोष्ट मी तेवीस वर्षं तशीच ठेवली.

बिट्टीला या आठवड्यात दाखव. माझ्याकडे आणू नकोस, मुलांच्या डॉक्टरांकडेच ने. चष्म्याच्या दुकानात तर नकोच. जमलं तर तुझाही डोळा दाखव. अर्धी ओळ वाढली तरी ती तुझी.

तुम्हा दोघींना बघावंसं फार वाटतं. रोज चार वाजता, शाळा सुटते तेव्हा, दुकानात आई आणि मुलगी शिरली की हातातली काच खाली ठेवली जाते. पण त्यासाठी हे पत्र नाही.

डॉक्टर विचारतील, घरात आणखी कोणाला आहे का? तू ‘मला आहे’ म्हणून सांग. मग विचारतील, तुमच्या वेळी उपचार का राहिले? तेव्हा ‘कोणाला कळलं नाही’ असं सांगू नकोस. ‘माझ्या वडिलांना कळलं होतं,’ असं सांग.

तुझा,
बाबा