रूथचं हूं

भंडारदरा, २ डिसेंबर १९९६

नगरच्या बोर्डिंगात पुष्पा आणि मी एका चादरीखाली शेंगदाणे-गूळ खायचो. मी गोष्ट सांगायची, तिनं हूं म्हणायचं. हूं थांबलं की ती झोपली, गोष्ट तिथंच ठेवायची, असा आमचा नियम. आज तिच्या दारात उतरताना तेच आठवलं. आता तिच्या अद्भुत कादंबऱ्या घराघरांत आहेत. धरणाकाठचं हे घर उन्हानं भरलेलं. फुप्फुसांत पाणी होतंय म्हणून तिनं मला सोबतीला बोलावलं. स्वयंपाकाच्या छबूबाई पेटी उचलताना म्हणाल्या, "ताई, दगडं भरलीत का? लई दिस ऱ्हानार दिसताय."

५ डिसेंबर

तिला पेज भरवते, वेणी घालते. बरं वाटतं. अकोले गावचे डॉक्टर पाठीतून सुईनं पाणी काढून गेले. ती धरणाकडे बघत नाही, पडदा ओढून घेते. हे पाणी पुढं कोल्हारला जातं. तिथंच माझी धाकटी बहीण रूथ लहानपणी बुडाली. मला सोसेना, म्हणून मी गोष्ट रचून बोर्डिंगात पुष्पाला सांगितली होती: रूथ पाण्याखालच्या शाळेत जाते, बाकावर माझ्यासाठी जागा राखून ठेवते. पुष्पानं पुस्तकांत तिची जळखाई केली, पोरं पाण्यात ओढून नेणारी. शेवटच्या पुस्तकात तिला जाळून मारलं. मी आजवर एक शब्द बोलले नाही.

७ डिसेंबर

आज बोलले. रूथला जिवंत कर, शेवटचं एक पान सांग, मी लिहून घेते, म्हटलं. ती म्हणाली, "एस्तेर, तुझ्या रूथला कोण ओळखतं? लोकांना जळखाई ठाऊक." धाप लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, तूच सांग, मी हूं म्हणते. मी सुरू केलं. ती लगेच घोरू लागली. हूं मात्र चालूच राहिलं. खाटेखालून.

मी थांबायला हवं होतं. पण आवाज रूथचा होता. पुष्पानं तिचं काय केलं, ते मी रूथला सगळं सांगितलं.

९ डिसेंबर

आज डॉक्टरांनी पाठीतून काढलेलं पाणी बाटलीत हिरवट दिसलं. त्यात शेवाळ. खाटेखालची ओल वाळत नाही. छबूबाई म्हणाल्या, "धरान घरात शिरलं व्हय?" आणि फडकं टाकून निघून गेल्या. पुष्पा माझा हात सोडत नाही. तिला सांग गोष्ट संपली, म्हणते. मी सांगितलं नाही.

११ डिसेंबर

पुष्पा गेली. भर दुपारी, खाटेवर, बुडून. ओठांत नदीची वाळू. मी घातलेल्या वेणीत एक लहानसा ओला हात— मला वाईट वाटलं नाही. प्रभू, वाटलं नाही.

१२ डिसेंबर

सरण पेटेना. अंग आतून ओलं—

हूं थांबत नाही. संपली म्हटलं तरी हूं. झोपत नाही ती. माझा घसा बसला. छातीत गार—

शाल छबूबाईंना. आईचं बायबल कोल्हारला भावाकडे. पुष्पाची पुस्तकं कुणालाच नकोत, चुलीत घाला. पेटी भाचीला. चष्मा— चष्मा राहू दे, शाळेत लागेल—

सरक जरा, रूथ, मी