अकरा मग आणि एक शिट्टी

१५ नोव्हेंबर १९९८, रविवार
वही, माफ कर. जूननंतर आज उघडतोय. आधी पेन सापडत नव्हता, मग चष्मा, मग दिवाळी आली. आता रोज लिहिणार.
हेडबाई दीपमालाबाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या, रंगनाथअण्णा, शाळेचे शिपाई म्हणून रिटायर झालात, तरी हौसेनं कोच राहिलात. सात वर्षांत एक मॅच जिंकलेली नाही. २९ तारखेला विंचूरच्या शाळेशी हरलात तर फुटबॉल बंद. मैदान खो-खोला, शिट्टी कपाटात.
मी हसलो. देवळाली कॅम्पात अकरा वर्षं मी फौजी टीमबरोबर काढली आहेत. भटारखान्यात होतो, पण खिडकी मैदानाकडेच होती.
विंचूरचं काही खरं नाही.

१६ नोव्हेंबर, पहाटे ५
रोज पाचला उठून पोरांच्या आधी पाच फेऱ्या पळणार. आज थंडी आहे. उद्यापासून.

१७ नोव्हेंबर
मैदानावर मी आणि बॉल. बाकी कोणी नाही. गावभर द्राक्षाचं डिपिंग सुरू. मांडवाखाली हात वर करायचे, एकेक घड मणी फुगवायच्या औषधाच्या मगात बुडवायचा. बागेत घरची माणसं पुरत नाहीत, म्हणून शाळा सुटली की पोरं तिकडे. माझा हुकमी बॅक ललित, बागवाल्या भिमाजीचा नातू, त्याचा निरोप आला: आज्जा सोडीत नाय.
छातीत धडधडतंय. आमची बायको साळूबाई म्हणते, गॅस आहे, दुसरी भाकरी कशाला खाल्ली.

१९ नोव्हेंबर
युक्ती सुचली. सराव बागेतच घ्यायचा! मान वर, नजर वर, टाचा उचललेल्या. हेडिंगला आणखी काय लागतं? फौजेतही हे कोणाला सुचलं नव्हतं.
भिमाजीला विचारलं. सगळी टीम आणतो म्हटल्यावर लगेच हो म्हणाला. माझ्या शब्दाला अजून वजन आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार
अकरा पोरं, अकरा मग. मी बांधावर. एक शिट्टी, सगळ्यांनी हात वर करून घड धरायचा. दोन शिट्ट्या, सोडायचा. दुपारपर्यंत असा ताल बसला की बघत राहावं. भिमाजी म्हणाला, अण्णा, मजुरांकडूनबी एवढं उरकत नाय. साळूबाईला सांगितलं. ती म्हणाली, मग तो फुकट राबवून घेतोय तुम्हाला. तिला खेळातलं कळत नाही.
बॉल न्यायला विसरलो.

२५ नोव्हेंबर
बॉल नेला. ललितच्या आज्जीनं बॉलवरच औषधाची बादली टेकवली. पळायचं राहिलं. गुडघा.

२९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७

शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत शून्य-शून्य. सात वर्षांत असं झालं नव्हतं. दीपमालाबाई खुर्चीवरून उठून उभ्या होत्या. बरोबरी झाली असती तरी फुटबॉल वाचला असता.
मग विंचूरच्या पोरानं उंच बॉल मारला. थेट आमच्या गोलसमोर. मला काही सुचेना. तोंडात शिट्टी होती, ती वाजली. एकदाच.
अकराच्या अकरा पोरांचे हात वर. ललितनं तर बॉल खालून अलगद धरला, मणीसुद्धा गळू नये असा.
पेनल्टी. शून्य-एक.
रेफ्री कडक होता. वारंही तिकडचंच होतं.
ललितला विचारलं, बाबा, हात का लावलास? तो म्हणाला, "अण्णा, तुम्हीच शिट्टी मारली ना. एक शिट्टी, घड धरायचा."
पोरगं आज्ञाधारक आहे. हे कोचिंगचंच यश.

१ डिसेंबर
शिट्टी जमा केली. दीपमालाबाईंनी कपाटाला कुलूप लावलं आणि चहा पाजला. चहा गोड होता. मैदानावर खो-खोचे खांब रोवून झाले.

४ डिसेंबर
पहाटे पाचला उठलो. कुठं जायचं ते आठवेना. पुन्हा झोपलो.
दुपारी भिमाजीचा निरोप: दुसरं डिपिंग आलं, टीम घेऊन या, शिट्टीवाले अण्णा पाहिजेतच. म्हणजे संघ मोडलेला नाही. बारावा राखीवही ठेवतो.
उद्या ललितबरोबर चिठ्ठी देणार. मजकूर इथं लिहून ठेवतो:
भिमाजीराव, टीम तयार आहे. शिट्टी सध्या माझ्याकडे नाही. टाळ्या वाजवल्या तर चालेल का? लवकर कळवा.