येझदीचं उजवं सील

प्रिय राधे,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन केला की मागून तुझा चैतन्य विचारतो, हे न्यायचं की टाकायचं, आणि आपलं बोलणं पातेल्या-परातींवर येऊन संपतं. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी लिहिते आणि उठून गाडीपाशी जाऊन येते. तू बोरिवलीचं घर बंद करून लेकाकडे बंगळूरला कायमची निघालीस हे कळल्यापासून माझं हे असंच चाललंय. डाळ करपते, टीव्ही लावते नि बंद करते, कशातच जीव रमत नाही.

कळलं त्याच दिवशी येझदी फटफटी बाहेर काढली. हो, आपलीच. आमचा लवूदादा गावी गेला तेव्हा माझ्या गळ्यात मारून गेला ती. आपला कारखाना सुटल्यापासून इतकी वर्षं इथे घाटकोपरला आमच्या जिन्याखाली ताडपत्रीत पडून होती. असल्फ्याच्या गॅरेजवाल्या चंद्रप्रकाशने इंजिन सुरू करून दिलं, पण पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळायला लागले. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालायची आणि चाकावर तेलाचे ओघळ. आतली रबरी सील वाळून कडक झाली होती. तो म्हणाला, ठेवून जा ताई, सवडीने करतो. सवड कुणाला आहे राधे? तुझं तिकीट निघालंय. म्हटलं, दे ती नवी सील इकडे, मीच बसवते. अंधेरीच्या कारखान्यात आपण दोघींनी भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडल्यात, रबराच्या दोन कड्यांना काय घाबरायचं?

चाक उतरवलं, शॉकअप सोडवले, जुनं तेल डब्यात ओतलं. त्याला असा वास, की शेजारची अक्षता माझं कालवण नासलं का म्हणून विचारायला आली. नळीच्या काठाने सील चिरू नये म्हणून दुधाची पिशवी कापून गुंडाळली, तेलाचं बोट फिरवलं आणि वर पाइपचा तुकडा ठेवून हळूहळू ठोकत बसवलं. झकास बसलं. तुला फोटो पाठवून फुशारकी मारणार होते. सकाळी बघते तर डावा शॉकअप कोरडा आणि उजव्याखाली लादीवर तेलाचं थारोळं. चंद्रप्रकाश पोट धरून हसला. त्या सीलची एक बाजू सपाट असते, दुसऱ्या बाजूला बारीक स्प्रिंग; ती स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे हवी. मी उजवीकडे बाहेर ठेवली होती. अगं, जन्मभर कुकरच्या रिंगा बदलल्या, त्यांना कुठे उलटंसुलटं असतं? कशीही घाल, शिट्टी होते. काढताना ते सील फाटलंच. दुसरं आणायला कुर्ल्याला जावं लागलं, आणि परत सगळं पहिल्यापासून. आता दोन्ही कोरडे आहेत. काल साकीनाक्यापर्यंत जाऊन आले. मागची सीट रिकामी, त्यामुळे खड्ड्यात गाडी उगाच उडत होती.

आठवतं ना, तू इथे राहायचीस तेव्हा त्याच रस्त्याने कामावर जायचो. मी चालवायचे आणि तू मागे एका बाजूला, मांडीवर दोघींचे डबे. इंडिकेटर पहिल्यापासून मेलेले, म्हणून वळायचं असलं की हात तू दाखवायचीस. नुसता दाखवायची नाहीस, मागच्या ट्रकवाल्याला दम भरायचीस, थांब रे मेल्या, दिसत नाही का. चैतन्यच्या वेळी रिक्षा मिळेना आणि मी तुला हिच्यावरूनच दवाखान्यात नेलं. कळा येत होत्या, तरी प्रत्येक वळणाला तुझा हात बाहेर. मी रडत होते आणि तू मलाच ओरडत होतीस की समोर बघ.

आता खरं सांगते, मला तुझा राग आलाय. जाऊ का म्हणून तू डॉक्टरला विचारलंस, शेजारणीला विचारलंस, भाजीवालीलासुद्धा विचारलंस. मला नुसतं कळवलंस. चैतन्य गुणाचा आहे, तिकडे लिफ्ट आहे, हवा बरी आहे, तो तुला सुखात ठेवील. हे सगळं मला समजतं आणि तरी रात्रंदिवस घरात येरझाऱ्या घालते.

तू विचारलं नाहीस, तर न विचारता सांगते. जाऊ नकोस. फोनवर हे बोलायला गेले की मीही पातेल्यांचंच विचारत बसते, म्हणून हा कागद. बोरिवलीत एकटीला करमत नसेल तर माझ्याकडे ये, खिडकीजवळची खोली तुझी. रविवारी सकाळी तुझ्या बिल्डिंगखाली येऊन हॉर्न वाजवीन, तुझ्यासाठी लाल हेल्मेट घेतलंय. वर्सोव्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढू, मढला उतरू आणि तिथे बसून काय ते ठरव. जायचंच ठरलं तर सोडायलाही मीच येईन, पण हसतमुखाने येईन असं नाही म्हणत. आणि हो, चंद्रप्रकाश म्हणाला, ताई, एवढं केलंत तर इंडिकेटरही बसवून टाकू. मी नको म्हटलं. त्याला सांगितलं, त्यासाठी माणूस आहे.

तुझीच,
जयू