नवं कार्ड दवनीवाड्यालाच येईल

पुणे, सोमवार

माय,

तुझ्या चेतनाचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

फोनवर बाबा मध्येच बोलतात, म्हणून लिहिते. परवा बसमध्ये माझी पर्स मारली. क्रेडिट कार्ड तिच्यातच होतं. घाबरू नकोस. उतरल्याबरोबर बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, पोलिसांत तक्रारही दिली. तेवढ्यात कुणीतरी त्यावर बूट घेतले होते. ते माझे नाहीत, हे बँकेला लेखी कळवलं आहे. चौकशी सुरू आहे.

कुणी ‘बँकेतून बोलतो’ म्हणाला, तर त्याला काही सांगू नकोस. तू राँग नंबरवाल्यालाही ‘जेवलास का बाबू?’ विचारतेस. या वेळी ‘माह्या पोरीले इचारा’ म्हण आणि फोन ठेव.

दिवाळीनंतरची गावची मंडई, ती जत्रा, झाली का? आपल्या शेजारचा तिलक यंदा दंडारीत नाचला का? धान घरात आलं का? इथे संध्याकाळी खोलीचं कुलूप मीच उघडते. आत कुणी ‘आली का?’ म्हणत नाही.

नवं कार्ड टपालाने दवनीवाड्याला येईल. बँकेतल्या बाईंनी विचारलं होतं, “पत्ता पुण्याचा करू का?” मी लगेच नको म्हटलं. लिफाफा फोडू नकोस, धानाच्या ढोलीत ठेव. बाबा म्हणतील, कुरियरने पाठवून देतो. त्यांना पाठवू देऊ नकोस. घरची आठवण येते म्हणून साहेब रजा देत नाहीत. कार्ड आणायला देतील.

वाट पाहा.

तुझीच,
चेतना