ताप न येणारी सुई

१२ फेब्रुवारी २००१
नीलाबाई भांडी घासता घासता उपकेंद्राच्या निता सिस्टरचं कौतुक करत होती. "गोवराची सुई दिली, पण तांड्यातल्या एकाबी लेकराला ताप न्हाई! आमच्या सेवालाबी न्हाई." सेवा ही तिची नात, दहा महिन्यांची. एकालाही नाही? मला कौतुक पटकन पचत नाही. कॉन्व्हेंटातल्या नन्सनी दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं.

१५ फेब्रुवारी
पुण्याहून दीक्षाचा फोन. माझी लेक गोवराच्या विषाणूवरच काम करते, म्हणून विचारलं. म्हणाली, ताप सगळ्यांना येत नाही, पण काहींना येतोच. मग समजावत बसली — जशी मी शाळेत पोरींना बसायचे! विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं. एक पेशीला पकडतं. त्याने खुणावलं की दुसरं विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकतं. एकट्याने कुणालाच आत शिरता येत नाही. लसीतला विषाणू अशक्त, पण जिवंत. त्यालाही तसंच शिरावं लागतं, तेव्हाच शरीर शिकतं.
"आणि उष्णता लागली तर?"
"प्रथिनं बिघडतात, आई. मग ते नुसतं पाणी टोचल्यासारखं."
पाणी! पाण्याने कुणाला ताप येईल?

१९ फेब्रुवारी
तांड्यात दोन घरी गोवर. दारांना कडुलिंबाचे डहाळे. सेवाचं घर मधोमध.
तडक उपकेंद्रात गेले. माझी खात्री — लाइट जाते, फ्रीज बंद, नाहीतर ही बया बर्फ विकत असणार. फ्रीज उघडायला लावला. गार! बर्फ दगडासारखा. निता हसून म्हणाली, "बाई, वह्या तपासायच्या सोडून फ्रीज काहून तपासून राहिल्या?" तोंड कडू झालं. पण संशय गेला नाही.

२१ फेब्रुवारी
आज लसीचा दिवस. समाजमंदिराच्या ओट्यावर आधीच जाऊन बसले. निताने डब्यातून बाटली काढली, पावडरीत पाणी मिसळलं — आणि बाटली सरळ वाफाळत्या वाटीत ठेवली! ते गरम पाणी तांड्यातल्या जमनाबाईने घरून आणलेलं. तीच म्हणाली, "थंडं औषध आंगात गेलं की लेकराला सर्दी व्हती, बाई."
मी ओरडले. निता उलट माझ्यावरच — "थंडी सुई म्हटलं की बाया लेकरं उचलून पळतात! कोमट केली तर टोचू तरी देतात. अन् तकलीफ बी न्हाई व्हत."
म्हणे, गरम केल्याने लस मरते हे माहीत नव्हतं. प्रशिक्षण काय झोपून घेतलं? मला तर वाटतं, तिला नाव कमवायचं होतं. बिनतापाची सिस्टर!

२३ फेब्रुवारी
सेवाला एसटीने हिंगोलीला नेलं. नीलाबाई सारा रस्ता तोंड फुगवून. डॉक्टरांच्या फ्रीजमधली लस, माझ्या डोळ्यांदेखत. "ताप आला तर तुमच्या दारात आणून ठेवीन," नीलाबाई म्हणाली. ठेव!

४ मार्च
सेवाला ताप. छातीवर फिकट पुरळ.
नीलाबाई कामाला आली नाही. निरोप आला — बाईनं चांगल्या लेकराला गोवर लावला.
दीक्षा म्हणते, लसीचाही असू शकतो, खऱ्या गोवराचाही. खोकला नाही ना, डोळे लाल नाहीत ना, एवढं बघत राहा. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा दार उघडलं नाही.
आत कोण शिरलंय — लसीतला की खरा? दोघांचे हात सारखेच. आज माझा माझ्यावरच विश्वास नाही.

६ मार्च
उतरला! खोकला नाहीच. पोरगी भाकरी चोखते आहे.
नीलाबाई आली. भांडी आपटली. जाताना पाठ फिरवून म्हणाली, "बाकीच्या लेकरायचं काय मग?"
तेच विचारायला उद्या निताकडे जाणार आहे. सोडणार नाही तिला. वरपर्यंत तक्रार करीन.

७ मार्च
मी चपला घालत होते, तर निताच दारात. कडेवर तिची वर्षाची मुलगी — डोळे लालभडक, खोकून खोकून मान टाकलेली.
"हिलाबी मीच टोचली होती, बाई. सगळ्यात आधी हिलाच."