दोरीवरचा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ. डोंबिवली.

आज ठाण्याला डॉक्टरांना दाखवून आले. पोटाची चरबी काढून तीन आठवडे झाले, वजन जेमतेम दोन किलो उतरलंय. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, यानं आकार बदलतो, लठ्ठपणा जात नाही. आधीच सांगितलं होतं." सांगितलेलं. मीच ऐकलं नाही. बेंबीखाली अजून बधिर आहे, तिथे स्पर्श कळायला वेळ लागेल म्हणाले. रडू यायला हवं होतं का? नाही आलं.

घरी पोचते तर शेजारच्या काकू डबा घेऊन दारात. अळिवाचे लाडू. बाळंतिणीला देतात ते. मला काही कळेना. मग त्यांनी गॅलरीतल्या दोरीकडे पाहिलं. ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा माझा दुसरा पट्टा तिथे वाळत होता.

"पोट बांधतेस ते बरं करतेस," काकू हळूच म्हणाल्या. "मूल हाती लागलं नाही तरी बाळंतपण ते बाळंतपणच गं. मी कोणाला बोलणार नाही."

म्हणजे इतके महिने काकू माझं पोट बघून दिवस मोजत होत्या! मला तर कधी दिवस गेलेच नाहीत. सांगणार होते. पण त्यांचे डोळे भरलेले, आणि चरबी काढून घेतली हे सांगायचीच जास्त लाज वाटली. कसली ही लाज? "थँक्यू काकू" म्हणाले.

जाताना त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला, बेंबीखाली. किती वेळ ठेवला होता कोण जाणे. मी खाली बघितलं तेव्हा कळलं.