शेवटचा हप्ता

१ जून
शेवटचा हप्ता भरला! बँकेतल्या मुलीने नेहमीसारखं विचारलं, "आजोबा, मुलाच्याच नावाने ना?" हो बाई, त्याच्याच. कोर्टाने नातीची पोटगी ठरवली चिरंजीवांवर, भरली मी. नाही तर तो आत गेला असता, आणि पोरीला कळलं असतं की बापाने आपल्याला टाकलं. बारा वर्षं औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापतोय. चिरंजीवांना सगळं ठाऊक — पण एकदा तरी विचारावं, अण्णा, कुठून आणता?
परवा ती अठराची होते. सुटलो!

२ जून
मालकाला सांगितलं, उद्यापासून येत नाही. "घरी बसून काय करणार, आजोबा?" म्हटलं, कविता म्हणणार. हसला. हसेना का!
संध्याकाळी खिडकीत बसून चौथीतली म्हटली, गुरुजींच्याच चालीवर. घरट्यातून उडणाऱ्या पिल्लाची. तिसऱ्या कडव्याला अडलो. गुरुजी असते तर छडी बसली असती — आणि आठवलंही असतं.

३ जून
वाढदिवस. सूनबाईच्या दोन खोल्यांत केक. (कागदावर ती सून उरली नाही, तोंडातून मात्र तेच येतं.) नातीने बोलावलं म्हणून चिरंजीव आले. हातात फुगा! अठरा वर्षांच्या मुलीला!
ती त्याच्या गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही एकही महिना चुकवला नाहीत. माझ्या मैत्रिणीचा बाप सहा महिन्यांत गायब झाला."
चिरंजीव म्हणतात कसे — "अगं, बापाचं कर्तव्यच असतं ते."
केक माझ्या घशात अडकला. सूनबाईने पाणी दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

७ जून
नात म्हणते, कॉलेज बाबांच्या घराजवळ आहे, तिकडेच राहीन. "आईने उगाच वाईट रंगवलं त्यांना. पैसे तर वेळेवर यायचे ना?"
वेळेवर! माझ्या गुडघ्यांना विचार.

८ जून
सूनबाईकडे गेलो. म्हटलं, एक खरं सांगायचंय. ती भांडी पुसतच राहिली. "मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, अण्णा. दूधवाल्याला दहा खेपा मारायला लावणारा माणूस दर एक तारखेला पैसे भरेल?"
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही का नाही बोललात?"
दोघांनी मिळून पोरीला चांगला बाप करून दिला — कागदी होडी करून द्यावी तसा. आता ती त्यात बसून निघाली.
"सांगू तिला?"
"आता? म्हणेल, दोघं जळतात."

१५ जून
गेली. रिक्षातून हात हलवला. तिसरं कडवं तेव्हाच आठवलं — मागे उरलेल्या घरट्याचं. म्हटलं नाही.

३० जून
चिरंजीवांचा फोन. बारा वर्षांत पहिला! "अण्णा, ती आता माझ्याकडे. खर्च वाढलाय. उद्या एक तारीख — या वेळेपासून माझ्या खात्यात टाका."
म्हटलं, अठराला बंद होतं ते.
"कोर्टाचं बंद झालं. तुमचं थोडंच? की सांगू तिला, मला परवडत नाही, परत जा?"
मागे नात कुणाशी तरी हसत होती.

१ जुलै
मालकाने कात्री पुढे केली. काही विचारलं नाही. भला माणूस.